नॉर्वेचं नाव

मी गाडीतून उतरले तेव्हा ॲलिस्टर मॅकॉले धक्क्याच्या कडेला गुडघे टेकून बसला होता आणि स्वतःचा माल परत समुद्रात टाकत होता.

माल म्हणजे प्रॉन. जिवंत, नारिंगी, चांगले वीतभर लांब. प्लास्टिकच्या खोक्यात उभ्या नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत एकेक प्रॉन शेपटीवर उभा, कारण शेजारी शेजारी ठेवले तर ते एकमेकांच्या नांग्या तोडतात. असे खोके धक्क्याखाली समुद्रात टांगून ठेवले की आठवडाभर माल जिवंत राहतो. ॲलिस्टरने त्यातले तीन वर ओढले होते. तो एक नळी उपडी करायचा, डुबुक आवाज यायचा, की पुढची नळी.

"युरोपातून बाहेर पडायचं होतं ना आपल्याला?" माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "हे बघ, हे पडले. सुटले बिचारे."

त्याच्यामागे त्याची बायको मोरॅग हाताची घडी घालून उभी होती. पिंजरे टाकून माल पकडायचा ॲलिस्टरने, भरायचा आणि पाठवायचा मोरॅगने, अशी त्यांची तीस वर्षांची वाटणी. एरवी तिचं तोंड बंद ठेवायला वादळसुद्धा पुरत नाही. आज ती एक शब्द बोलत नव्हती, आणि तेच मला जास्त भीतीचं वाटलं.

ही जानेवारी २०२१ची गोष्ट. दुसरा सोमवार, सकाळचे दहा, नुकतं कुठे उजाडलेलं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्ट आर्डन नावाचं एक ठिकाण आहे. अकरा बोटी, एक धक्का, एक दुकान, एक चर्च आणि एक जनावरांची डॉक्टर. ती डॉक्टर मी, हर्षदा दोरकुळकर. मूळची हर्णैची. माझं आडनाव इथे कुणाच्या जिभेवर बसलं नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी प्रामाणिक प्रयत्न केले आणि मग हात टेकून 'डॉक्टर' म्हणू लागले. इंग्रजीत तू-तुम्हीची भानगड नसते, पण माझ्या कानाला ॲलिस्टर मला 'तू' म्हणतो आणि मी त्याला 'तुम्ही', असंच ऐकू येतं. त्याचं वय तेव्हा बासष्ट. मॅकॉले हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आपोआप सावरून उभी राहिले होते. आम्हाला इंग्रजी शिकायला लावणारा म्हणून शाळेच्या पुस्तकात ज्याचं नाव येतं, त्याचे पूर्वज याच बाजूच्या बेटांवरचे. ॲलिस्टरला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "तो श्रीमंत शाखेतला," एवढंच तो म्हणाला होता.

नव्या वर्षापर्यंत मी मेंढ्या, गाई आणि धनगरी कुत्री एवढंच बघत होते. पहिल्या जानेवारीपासून ब्रिटन आणि युरोपच्या मध्ये खरोखरची सीमा उभी राहिली. त्याआधी संध्याकाळी ट्रकमध्ये चढवलेला खोका एका साध्या पावतीवर तिसऱ्या दिवशी फ्रान्सच्या बाजारात उघडायचा. आता प्रत्येक मालाला आरोग्याचा दाखला हवा. पानापानावर शिक्का, छापील अक्षरांपेक्षा वेगळ्या रंगाच्या शाईची सही, आणि सही करायला सरकारने नेमलेला जनावरांचा डॉक्टर. चाळीस मैलांत मी एकटीच होते.

आदल्या मंगळवारी ॲलिस्टरचा नव्या नियमांखालचा पहिला माल गेला होता. माल गेल्याची बातमी शनिवारीच फोनवर कळली होती; आज ट्रक परत आला तो रिकामे खोके आणि एक कागद घेऊन. कागदपत्रं जुळत नाहीत म्हणून माल सीमेवर अडवला, दोन दिवसांत मेला, तिथेच नष्ट केला.

"मुद्दाम केलं त्यांनी," ॲलिस्टर म्हणाला. डुबुक. "आपण बाहेर पडलो त्याचा राग. आता आपल्याला गुडघ्यावर आणायचं."

"तू आताही गुडघ्यावरच आहेस," मोरॅग अखेर बोलली.

"बोट शनिवारी जाईल, मग उठतो."

मला समजलं नाही. मोरॅगने माझ्याकडे बघून सांगितलं, की शनिवारी दहा वाजता बोटींचा दलाल येणार होता, 'इसबेल' बघायला. ॲलिस्टरने पहाटेच त्याला फोन करून बोलावलं होतं, तिला न विचारता. इसबेल म्हणजे त्याची बोट, त्याच्या आईच्या नावाची. तिच्यावर तो वयाच्या बाविसाव्या वर्षापासून उभा होता.

"विकून काय करणार?" मी विचारलं.

"सोमवारी लंडनला जाणार. मासेवाले ट्रक घेऊन निघालेत, पार्लमेंटसमोर उभे करायला. मीही जातो, ओरडतो. त्यानंतर बघू." डुबुक.

बोट विकल्यावर माणूस काय करतो ते मी घरी बघितलं होतं. माझ्या बाबांनी नौका विकली आणि पुढची अकरा वर्षं हर्णैच्या पुळणीवर बसून दुसऱ्यांची जाळी शिवली. समुद्राकडे पाठ करून बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, ऊन डोळ्यांवर येतं.

आणि माझ्या खिशात त्या वेळी एक गोष्ट होती, जी त्या धक्क्यावर फक्त मला ठाऊक होती.

रविवारी दुपारी मला फ्रान्सच्या तपासनिसाचा ईमेल आला होता. सही माझी, म्हणून खुलासाही मलाच. अतिशय सभ्य भाषेत, मोजून चार ओळी. त्यातली तिसरी ओळ अशी, की दाखल्यावर एक प्राणी आहे आणि खोक्यात दुसराच आहे.

हे समजायला पाच वर्षं मागे जायला हवं. पोर्ट आर्डनला येऊन मला महिना झाला नव्हता तेव्हा याच धक्क्यावर ॲलिस्टरने मोठ्या अभिमानाने खोका उघडून मला त्याचे प्रॉन दाखवले होते. मी बघितलं आणि बोलून गेले, "हे प्रॉन नाहीत." प्रॉन म्हणजे कोळंबी. कोळणीच्या पोरीला कोळंबी कळत नाही असं कसं होईल? याला तर नांग्या होत्या, टणक कवच होतं. ही शेवंडीच्या घरातली कुणीतरी धाकटी बहीण होती. मी सांगितलं, "हा छोटा लॉबस्टर आहे."

मग ॲलिस्टर सगळ्यांना म्हणाला, "ऐकलंत का, डॉक्टर आपल्याला प्रॉन शिकवायला आली आहे." अकरा बोटींवरची माणसं हसली. पुढे कितीतरी दिवस मला तोंडावर डॉक्टर आणि पाठीमागे लॉबस्टर म्हणत होते. त्या किनाऱ्यावर या प्राण्याला सगळे प्रॉनच म्हणतात. आजाही म्हणत होता, पणजाही. मीही मुकाट्याने म्हणायला शिकले, आणि इतकं छान शिकले की वर्षभरात माझी चेष्टा थांबली. आपल्यातली झाली, असं लोक म्हणू लागले. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

त्यामुळे मोरॅगने कॉम्प्युटरवरच्या यादीत 'प्रॉन' शोधून पहिलं आलेलं लॅटिन नाव दाखल्यात भरलं, तेव्हा मला काही खटकलंच नाही. शाईचा रंग तीनदा तपासला, शिक्के मोजले, पानांचे आकडे जुळवले. आणि माझ्या आईच्या टोपलीत जी चूक कधी झाली नसती, तिच्याखाली निळ्या शाईत सही ठोकली.

रविवारीच आईला फोन केला होता. ती लिलावावरून येऊन हात धूत होती. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आई, इथे सगळे फ्रेंचांच्या नावाने बोटं मोडतायत. माझं नाव कुणाच्या डोक्यातही नाही. मी गप्प राहिले तरी चालेल."

"त्याचा माल मेला?" आईने विचारलं.

"हो. आणि तो दुसरा पाठवायचा नाही म्हणतोय."

"चूक सुधरली तर दुसरा जाईल काय?"

"जाईल."

"मग तू माज्याशी काय बोलत बसलीस गो? त्याच्याशी बोल."

तरी सोमवारी सकाळी धक्क्यावर येऊन मी पाच मिनिटं इकडचं-तिकडचंच बोलत होते. ॲलिस्टरने दुसरा खोका पुढे ओढला आणि मग मात्र मला राहवलं नाही.

"ॲलिस्टर, थांबा. फ्रेंचांनी काही केलेलं नाही. चूक माझी आहे."

त्याच्या हातात एक नळी तशीच राहिली. आतला प्राणी मिशा हलवत होता.

मी फोन काढून ईमेल वाचून दाखवला. दाखल्यावर तुमचा प्राणी प्रॉन, कोळंबीच्या जातीचा. खोक्यात निघाला लॉबस्टरच्या जातीचा. तपासनीस काय करणार? मला हे माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी मीच इथे उभं राहून हे सांगितलं होतं. मग तुम्ही हसलात म्हणून मी विसरून गेले, आणि सही करताना मला ते आठवलंसुद्धा नाही.

"नाव मी भरलं होतं," मोरॅग म्हणाली.

"सही माझी आहे," मी म्हटलं.

ॲलिस्टरने वर बघितलं. "म्हणजे त्यांनी मुद्दाम केलं नाही?"

"त्यांनी फक्त वाचलं."

मला वाटलं होतं, तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहराच उतरला. दोन दिवस तो एका शत्रूला शिव्या घालत जगत होता आणि मी येऊन तो शत्रूच काढून घेतला होता. त्याने नळी हळूच खोक्यात परत ठेवली. हे मात्र मी नीट पाहिलं, आणि माझ्या जिवात थोडा जीव आला.

"मग आता काय लिहायचं?" त्याने विचारलं. "लॉबस्टर?"

इथे मी जरा अडखळले. कारण पुढचं उत्तर त्याला अजिबात आवडणार नव्हतं.

"नॉर्वे लॉबस्टर," मी म्हटलं. "कायद्यात त्याचं नाव तेच आहे. दाखल्यावर तेच, तुमच्या मासेमारीच्या नोंदीत तेच, खोक्यांवरच्या चिठ्ठ्यांवरही तेच. तिन्हीकडे एकच नाव हवं."

"कोणता लॉबस्टर?"

"नॉर्वे."

ॲलिस्टर उठून उभा राहिला. तो सहा फूट तीन इंच आहे.

"हे बघ डॉक्टर," तो म्हणाला, "सोळा साली मी मत दिलं. माझ्या बोटीवर पाटी लावली, आमचं पाणी आमचं. ही मोरॅग विरुद्ध बाजूला होती, चार वर्षं मला उकडलेले बटाटे फेकल्यासारखे वाढते. सगळं सहन केलं. कशासाठी? आपला समुद्र आपला व्हावा म्हणून. आणि आता माझ्या समुद्रातून, माझ्या पिंजऱ्यातून, माझ्या आईच्या नावाच्या बोटीत चढवलेल्या मालावर मी लिहू, की हा नॉर्वेचा?"

"नाव आहे हो नुसतं."

"नुसतं नाव कधीच नसतं. समुद्र गेला तरी चालेल, मी नॉर्वे लिहिणार नाही. शनिवारी दलाल येऊ दे."

त्याचं म्हणणं मला कळत होतं. हीच तर त्या सगळ्याची मेख होती. पाणी त्यांचं झालं, पण गिऱ्हाईक पलीकडच्या काठावर राहिलं. पोर्ट आर्डनमध्ये हा प्राणी कुणी खात नाही. तिथली माणसं तळलेला हॅडॉक मासा आणि बटाटे खातात आणि खोक्यातल्या या राजेशाही जिवाकडे, कुणीतरी विकत घेतं म्हणून पकडायची वस्तू, एवढ्याच नजरेने बघतात. ॲलिस्टरच्या मालाची वीस वर्षांची गिऱ्हाईक एकच होती, फ्रान्समधल्या बुलोन बंदरातल्या मादाम केर्वेला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. फोनवर मात्र न चुकता भांडायची.

तेवढ्यात मोरॅग शांतपणे म्हणाली, "मॅक म्हणजे काय, ॲलिस्टर?"

"काय?"

"डॉक्टरला सांग. मॅक म्हणजे काय?"

"मुलगा. सगळ्यांना माहीत आहे."

"आणि ऑले?"

ॲलिस्टर खोक्याची दोरी गुंडाळू लागला.

"तुझ्या आजोबांनी आपल्या लग्नात तासभर भाषण केलं होतं," मोरॅग म्हणाली. "सूप थंड झालं. मला अजून पाठ आहे. ऑले म्हणजे ऑलाफ. मॅकॉले म्हणजे ऑलाफचा मुलगा. तो ऑलाफ बोटीत बसून आला, इथल्या एका बाईवर भाळला आणि राहिला. आता सांग, आला कुठून?"

ॲलिस्टरने समुद्राकडे बघितलं, मग चर्चकडे, मग माझ्याकडे. मी बुटांकडे बघत होते, कारण वर बघितलं असतं तर हसले असते.

"कुठून आला, ॲलिस्टर?"

"नॉर्वेहून," तो पुटपुटला.

"आणि दाखला नव्हता त्याच्याकडे," मोरॅग म्हणाली. "तेव्हा सही करायला डॉक्टर नव्हती. हजार वर्षं तुम्ही नॉर्वेवाले इथल्या पाण्यात राहून इथले झालात, तुम्हाला कुणी समुद्रात परत टाकलं नाही. मग या बिचाऱ्यांनी काय घोडं मारलं?"

ॲलिस्टरच्या खांद्यांना आधी हादरा बसला. मला वाटलं, रडतो की काय. मग त्याच्या पोटातून असा काही आवाज आला, की शेजारच्या बोटीवरचा म्हातारा हेक्टर डोकं बाहेर काढून बघू लागला. इतकं हसताना मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत त्याने खाली वाकून खोक्यातल्या प्राण्याला विचारलं, "काय भाऊबंद, फ्रान्सला जाणार का?"

मोरॅगने तिथल्या तिथे मादामला फोन लावला. मादाम म्हणाल्या की गुरुवारी दुपारपर्यंत माल दारात आला तर ठीक, नाहीतर शुक्रवारपासून त्या आयर्लंडचा घेणार, आणि मग परत फोन करू नका. आयर्लंड युरोपातच राहिलं होतं. तिथल्या मालाला माझ्या सहीची गरज नव्हती.

ट्रक मंगळवारी दुपारी दोनला सुटणार होता. पण आणखी एक घोळ होता. ट्रकमध्ये आमच्या धक्क्यावरच्या चार बोटींचा माल एकत्र जाणार होता, आणि एका मालाचा कागद चुकला तरी सगळा ट्रक अडतो. उरलेल्या तिघांनी आपापले कागद 'प्रॉन' म्हणूनच भरून ठेवले होते.

"मी जाऊन सांगते," मी म्हटलं.

"तू नको," ॲलिस्टर म्हणाला. "तुझं ऐकून आम्ही एकदा हसलोय. मी जातो."

आणि तो गेला. सोमवारी दुपारी, पावसाच्या बारीक सुयांमध्ये, मास्क लावून, तो बोटीबोटीवर चढला. ज्याने सकाळीच नॉर्वेचं नाव लिहिण्यापेक्षा बोट विकायची तयारी केली होती, तो हेक्टरला दम भरत होता, "नॉर्वे लॉबस्टर लिही, मुकाट्याने. काय अडलं? तुझा माल कुणाचा आहे ते समुद्राला माहीत आहे. कागदाला त्याचं कागदातलं नाव हवं." मी गाडीत बसून हे ऐकत होते आणि पोट धरून हसत होते. हेक्टरने विचारलं की हे सांगायला फ्रेंचांनी किती दिले. त्यावर ॲलिस्टर जे म्हणाला ते मी इथे लिहीत नाही.

मंगळवारी सकाळी खोके मोजले तर चारही बोटींचे मिळून एकशे सदतीस निघाले, आणि प्रत्येकावर छापील चिठ्ठी होती, 'जिवंत प्रॉन'. नव्या छापायला वेळ नव्हता. मोरॅगच्या पॅकिंगच्या शेडची दोन्ही दारं साथीमुळे उघडी ठेवून आम्ही सहा जण अंतर राखून बसलो आणि हाताने लिहीत सुटलो. इंग्रजी नाव, लॅटिन नाव, बोटीचं नाव. बोटं थंडीने आखडली होती. साठ-सत्तर चिठ्ठ्या झाल्यावर हात आपोआप चालू लागतो. मोरॅग लिहिलेल्या चिठ्ठ्या तपासत होती, तिने एक वर धरली.

"डॉक्टर, हा कुठला देश?"

मी बघितलं. स्वच्छ देवनागरीत, रेघ मारून, मी लिहिलं होतं: शेवंड.

मला लाजल्यासारखं झालं. मी ती फाडायला हात पुढे केला, पण ॲलिस्टरने मधेच घेतली. "काय लिहिलंय?"

"आमच्याकडचं नाव. म्हणजे, याच्या मोठ्या भावंडाचं."

"तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं. मी मान हलवली. तो चिठ्ठीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "यापुढे आम्ही हसलो तर हसू दे. तू बोलत जा. गप्प बसणारा डॉक्टर आम्हाला परवडत नाही."

त्या घटनेला आता इतकी वर्षं झाली. त्या किनाऱ्यावर मला लोकांनी खूप काही दिलं, चांगलं आणि वाईटही. पण मी खऱ्या अर्थाने तिथली कधी झाले असं कुणी विचारलं, तर मी त्यांच्यासारखं बोलायला शिकले तो दिवस सांगत नाही. हा दिवस सांगते.

चौघांच्या नोंदी, दाखले, चिठ्ठ्या मी एकेक अक्षर बोटाने लावून तपासल्या. मग पुन्हा तपासल्या. या खेपेला प्राण्याचं नाव मोठ्याने वाचून मगच सही केली. दोन वाजून दहा मिनिटांनी ट्रक वळणावरून दिसेनासा झाला.

बुधवार कसा गेला ते आठवत नाही. एका गाईचं बाळंतपण केलं एवढं आठवतं.

गुरुवारी सकाळी दहाला ट्रकवाल्याचा मोरॅगला फोन आला. सीमेवर पोचलो, तपासणीला आत घेतलंय. त्यानंतर काहीच नाही. अकरा वाजले. शेडच्या दारात एकेक जण गोळा होऊ लागला, कुणी दोरी न्यायला आल्याचं सांगत, कुणी चहा मागायला. ॲलिस्टर फाटक्या जाळीचा पिंजरा मांडीवर घेऊन शिवत बसला होता. मी त्या पिंजऱ्याकडे बघितलं. त्याने तोंडच शिवून टाकलं होतं, त्यात आता कुणालाही शिरता आलं नसतं.

बारा वाजले. माझ्या मनात सगळे दाखले पुन्हा पहिल्यापासून उलगडू लागले. दुसऱ्या पानावर शिक्का होता ना? हेक्टरच्या कागदावर तारीख?

"अडवला," हेक्टर म्हणाला. "मी सांगत होतो."

"तू गप्प बस," ॲलिस्टर म्हणाला. तेही अगदी हळू.

बारा चाळीसला मोरॅगचा फोन वाजला. तिने तो उलट्या खोक्यावर ठेवून आवाज मोठा केला. मादाम केर्वेला. त्यांच्यामागे मोठा गलका चालला होता, कुणीतरी सारखं ओरडत होतं.

"मोरॅग," मादाम म्हणाल्या, "तुमचा ट्रक माझ्या दारात आहे."

मोरॅगने विचारलं, "आणि कागद?"

"कागदाचं काय? तपासनिसाने वाचले, खोका उघडला, पुन्हा वाचले, शिक्का मारला. मला विचारत होता की हाताने एवढं सुंदर कोण लिहितं. मागच्या ट्रकवाल्यांना अजून आत ठेवलंय."

"माल?" ॲलिस्टरने पिंजरा खाली ठेवला. तो फोनजवळ आला. "माल कसा आहे?"

"जिवंत आहे," मादाम म्हणाल्या. "फारच जिवंत आहे. हा ओरडणारा माझा माणूस. तुमच्या एकाने त्याचं बोट धरलंय आणि सोडत नाही."

ॲलिस्टर फोनवर वाकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्याने ते पुसलंही नाही.

"त्याला म्हणावं," तो म्हणाला, "सोडू नकोस."

शेडमध्ये जो काय आरडाओरडा झाला तो पलीकडे बुलोनमध्ये फोनशिवायही ऐकू गेला असेल. हेक्टरने अंतराचे नियम धाब्यावर बसवून मला मिठी मारली. मोरॅग खोक्यावर बसून हसत होती, रडत होती आणि मादामला म्हणत होती, दर आठवड्याला, हो, दर मंगळवारी. मी पण रडले. एका लॅटिन नावासाठी रडलेली हर्णैची मी पहिलीच असेन.

सगळ्यांचं असं झालं नाही, हेही सांगायला हवं. त्या हिवाळ्यात त्या किनाऱ्यावर अनेक बोटी विकल्या गेल्या, आणि सोमवारी लंडनला ट्रक गेलेच. मी मत कोणत्या बाजूला दिलं होतं ते मला ॲलिस्टरने अनेकदा विचारलंय आणि मी अजून सांगितलेलं नाही. पण पोर्ट आर्डनच्या अकरापैकी अकरा बोटी त्या वर्षअखेरीलाही पाण्यात होत्या.

गलका थोडा ओसरला तसा ॲलिस्टरने मोरॅगचा फोन उचलला, खिशातून एक चुरगळलेलं कार्ड काढलं आणि डोळे बारीक करून नंबर दाबला. फोनचा आवाज अजून मोठाच होता, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"मॅकॉले बोलतोय, पोर्ट आर्डन. शनिवारी येऊ नका."

दलाल गोंधळला. "बोट बघायची होती ना?"

"दिसणार नाही."

"का? कुठे गेली?"

"कामाला," ॲलिस्टर म्हणाला.